एक टिंब जास्त

रात्री पावणेअकराला फोन. मिरजेहून.
रुखसार सतारमेकर, कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला.
"सर, तुमच्या हळदीच्या दराच्या पत्त्यापुढं
माझ्याकडून एक टिंब जास्त पडलं.
दर नाही आले.
दर कसे येतात ते आलं."

मीही टाकून पाहिलं टिंब,
चौथीत बाई अनुस्वार द्यायला लावायच्या तसं,
जपून, मोहरीएवढं.
आणि आमचा सर्व्हर, नऊ वर्षं गप्प बसलेला,
पान चालवायचं की वाचून दाखवायचं यात गोंधळला
आणि पाहुण्यांसमोर घरातलं पोर बोलून जावं
तसं सगळं बोलून गेला:
कंस, कंसात कंस,
तिजोरीचं नाव, तिजोरीची किल्ली.
किल्ली होती पुष्पलता, पुढं एक्क्याण्णव.
हे लिहिणाऱ्या भूपाल मगदूमच्या बायकोचं नाव सुमती.
ते मी वाचलं नाही, असं ठरवलं.

दोन तिरक्या रेघांपुढचं यंत्र वाचत नाही.
म्हणून माणूस तिथं खरं लिहितो.
// इथं हात लावू नका. चालतंय.
// लाईट गेली. उरलेलं उद्या.
// येताना दूध.
आणि खाली, एकशे बाराव्या ओळीला,
// शेठ म्हणाले म्हणून:
// अडत्यांना लगेच, बाकीच्यांना बाराशे सेकंदांनी.

बाराशे सेकंद म्हणजे वीस मिनिटं.
वीस मिनिटांत मार्केट यार्डात
चहा होतो, रुमालाखाली बोटं दाबून होतात,
पोती या नावावरून त्या नावावर जातात.

"ती वीस मिनिटं कशासाठी आहेत, सर?"
मी म्हटलं, जुना कोड आहे, बघावं लागेल.
ती थोडा वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "आमचे अब्बा भोपळा घेताना
आत हात घालून बघतात.
एकदा पॉलिश चढलं की सगळ्या सतारी सारख्याच दिसतात."

माझे वडील हरिपूरला पेवात उतरायचे.
पेवाचं तोंड फोडलं की लगेच उतरायचं नसतं.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर काठावर बसून विडी ओढायची,
आतली कोंडलेली हवा निघून जाऊ द्यायची.
घाई केलेला एक जण
त्यांनी वर ओढून काढला होता,
अंगभर पिवळा, हळद लागलेल्या नवरदेवासारखा.
हे ते एकदाच बोलले, जेवताना, आणि मीठ मागितलं.

भोक बुजवायला मला बारा मिनिटं लागली.
पत्त्याच्या शेवटचं फालतू टिंब
दारातच झटकून टाकायचं, एवढंच.
किल्ली बदलली. पुष्पलता गेली.
झाकली मूठ पुन्हा सव्वा लाखाची झाली.
हे वाक्य शेठचं, दर दिवाळीला, बोनसच्या पाकिटासोबत.

मग एकशे बाराव्या ओळीवर
कर्सर नुसता लुकलुकत राहिला,
पेठेत कुणीतरी शटर ओढलं,
आणि मी विडी ओढत नाही, म्हणून पाणी प्यायलो.

गुरुवारी सकाळी शेठचा फोन.
"सावंता, आज दर सगळ्यांना एकदमच कसा दिसला रे?"
मागं यार्डातला गलका ऐकू येत होता,
रोजच्यापेक्षा थोडा वरच्या पट्टीत.
बाराशे पुसून मी तिथं शून्य ठेवलं होतं.
शून्य म्हणजे तरी काय,
मोठं करून पाहिलेलं टिंबच.

"बघतो, शेठ," मी म्हटलं.
"कुठंतरी टिंब पडलं असेल."